पाव कुठे मिळेल, पाठ कुठे टेकेल?

मागच्या अंकात फ्रान्समधल्या ल पुई-आं-व्हले या गावातून निघणाऱ्या पायवाटेबद्दल चार ओळी लिहिल्या आणि प्रश्नांचा ढीग येऊन पडला. सगळ्यांना उत्तरं देणं या पानांत बसणार नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते घेते. ज्यांच्या हातून तो अंक निसटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते : वाटेचं अधिकृत नाव जीआर 65. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागातून ती नैर्ऋत्येला स्पेनच्या सीमेपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर जाते आणि पुढे स्पेनमधून सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला पोचते. माझी लेक ल्यों शहरात असते. तिथून सें-एतिएनमार्गे रेल्वेने ल पुईला जाता येतं, म्हणून तिच्याकडे गेले की मी या वाटेचा एखादा तुकडा पायाखाली घालते. बँकेतून निवृत्त झाल्यावर लागलेला नाद आहे हा.

ताई, फोटो पुष्कळ पाहिले. मला एक अख्खा दिवस सांगा, उठल्यापासून झोपेपर्यंतचा. वय एकोणसाठ, एकटीने जायचं मनात आहे. जंगलाची भीती वाटते, हेही लिहून टाकते. — एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

एकच दिवस निवडायचा तर मी सोग ते ल सोव्हाज हा निवडेन. ल पुईहून निघालेल्या बहुतेकांचा तो तिसरा दिवस असतो. एकोणीस-वीस किलोमीटर. सोग साडेनऊशे मीटरच्या आसपास, ल सोव्हाज तेराशेच्या जवळ. म्हणजे चढ आहे, पण तो दिवसभरात वाटून आलेला. आदल्या दिवशी मोनिस्त्रोलला आलिए नदीपर्यंत उतरून पलीकडचा डोंगर चढताना गुडघ्यांची परीक्षा होऊन गेलेली असते. त्यामानाने हा दिवस गोड लागतो.

वाटेवर मुक्काम असतो तो ‘झीत’मध्ये. झीत म्हणजे चालणाऱ्यांसाठीचं मुक्कामघर : एका खोलीत चार ते दहा खाटा, सामाईक न्हाणीघर, एक मोठं जेवणाचं टेबल. सकाळी साडेसहाला तिथे पिशव्यांची खसफस सुरू होते. नाश्त्याला पाव, लोणी, घरचा मुरंबा, आणि कॉफी चक्क वाडग्यात. दोन्ही हातांनी वाडगा धरून ती प्यायची, त्यात पाव बुडवला तरी कोणी वळून बघत नाही. चहाच्या बाबतीत मात्र अपेक्षा घरी ठेवून या. गरम पाण्यात पुडी, आणि दूध मागितलं तर फ्रिजमधलं गार. मी चहाचा मसाला डबीत नेते आणि टेबलावरच्या फ्रेंच मंडळींनाही चाखायला लावते.

साडेसातला बाहेर पडलात तरी लगेच वाटेला लागायचं नाही. आधी बुलांजरी, म्हणजे पावाची भट्टी. अर्धी ‘बागेत’ (काठीसारखा लांब पाव), चीजचा तुकडा, दोन टोमॅटो, जून असेल तर जर्दाळू. इथे आळस करू नका, कारण सोग सोडलं की मुक्कामापर्यंत उघडं दुकान मिळेल याची खात्री नाही. वस्त्या लागतात, पण वस्ती आणि दुकान यांचा तिकडे संबंध उरलेला नाही. मी या वाटेवर किलोमीटर नंतर मोजते, उघडी दुकानं आधी. साडेबारा ते तीन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, पुष्कळ ठिकाणी सोमवारी पूर्ण बंद. रविवारी रात्री सोगला मुक्काम असेल तर सोमवारच्या दुपारचं खाणं शनिवारीच पिशवीत पडलेलं बरं.

गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना कुरणं आणि त्यांना घातलेले दगडी बांध. सगळं ग्रॅनाइट : बांध ग्रॅनाइटचे, घरं ग्रॅनाइटची, गुरांच्या पाण्याच्या डोण्यासुद्धा एकेका शिळेत कोरलेल्या. मे अखेर ते जूनमध्ये रानात जने नावाची झुडपं पिवळीधम्मक फुललेली असतात. आधी ल पिने नावाची वाडी लागते, मग तास-दीड तासाने ला क्लोझ. तिथे एक बुरूज आहे, मध्ययुगातला. किल्ला कधीच गेला, बुरूज तेवढा राहिला. पण थांबून बघावा तो त्याचा पाया. पाया असा खणलेलाच नाही. एका अवाढव्य, गोलसर धोंड्यावर थेट बांधकाम चढवलंय. धोंडा कुठे संपतो आणि गवंड्याचं काम कुठे सुरू होतं ते हात लावून शोधावं लागतं. राजगड-तोरणा पाहिलेल्या माणसालाही बांधणाऱ्याला दाद द्यावीशी वाटेल. मी तिथे बूट काढून पाय वाऱ्यावर ठेवते आणि पावाचा पहिला तुकडा मोडते.

या भागातल्या काही वाड्यांमध्ये, चौकात किंवा एखाद्या गोठ्याच्या भिंतीला लागून, एक लाकडी सांगाडा उभा दिसेल. चार जाड खांब, वर आडवे गोल ओंडके, त्यांना पट्टे अडकवायची सोय. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो झोपाळ्याचा सांगाडा वाटतो. तो बैलांना नाल ठोकण्याचा आहे. घोडा तीन पायांवर उभा राहतो, बैल राहत नाही, तोल जातो. म्हणून पोटाखालून रुंद पट्टा घेऊन ओंडका फिरवायचा, बैलाचा भार पट्ट्यावर घ्यायचा, मग पाय खांबाच्या पायथ्याच्या ठोकळ्यावर बांधून नाल ठोकायचा. ज्या ठोकळ्यावर पाय टेकवत, तो वापरून वापरून खोलगट झालेला असतो. त्या खोलग्यात आता कोणीतरी जिरेनियमची कुंडी ठेवलेली असते.

बैल गेले तशी माणसंही गेली. ही वाट लवकरच ओत-ल्वार जिल्हा सोडून लोझेरमध्ये शिरते. लोझेर हा सबंध फ्रान्समधला सर्वांत कमी लोकवस्तीचा जिल्हा, जेमतेम पाऊण लाख माणसं. इथल्या आणि शेजारच्या डोंगरांतले लोक एकोणिसाव्या शतकापासून पॅरिसला गेले, कोळसा आणि वाइन विकता विकता त्यांनी तिथे कॅफे थाटले. गावाकडची घरं मात्र विकली नाहीत. त्यामुळे दहापैकी सहा-सात खिडक्यांच्या फळ्या लावलेल्या, पण दाराला नवा रंग, अंगणात गवत कापलेलं. आपल्या कोकणात चाकरमान्यांची घरं गणपतीला उघडतात, तशी ही ऑगस्टमध्ये उघडतात. प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा स्तंभ असतो, तोही वाचून बघा. गाव केवढंसं, आणि 1914 ते 1918 मधली नावं संपता संपत नाहीत. एकच आडनाव तीन-तीनदा. गावं रिकामी का झाली, याचं अर्धं उत्तर तिथे दगडात कोरलेलं आहे.

आता तुमचं जंगल. व्हिलरे-दापशिए नावाच्या गावानंतर वाट वर चढते आणि पाइनच्या रानात शिरते. हे आपल्याकडच्या दाट, ओलसर रानासारखं नाही. पाइनचे खोड खाली करडे, वर गेल्यावर सालीचा रंग नारिंगी. उन्हं तिरकी पडली की वरचा अर्धा भाग पेटल्यासारखा दिसतो. खाली मऊ सुयांचा थर, त्यामुळे स्वतःच्या पावलांचाही आवाज येत नाही. मिर्तीय म्हणजे रानातल्या निळ्या बोरांची झुडपं गुडघ्याखाली. कोकिळेचा भाऊबंद ककू दिवसभर आपलं नाव घेत असतो. तास-दोन तास माणूस दिसत नाही, हे खरं.

भीतीचंही सांगते. तुम्ही ज्या रानातून जाल, तिथे एके काळी खरोखरच भ्यावं अशी परिस्थिती होती. या मुलखाचं जुनं नाव जेव्होदां. 1764 ते 1767 या तीन वर्षांत इथे एका जनावराने शंभरच्या आसपास माणसं मारली, त्यात गुरं राखणारी मुलं आणि बायका जास्त. राजा पंधराव्या लुईने आपला खास बंदूकदार पाठवला, त्याने 1765 मध्ये एक मोठा लांडगा मारला, दरबारात जयजयकार झाला. आणि हिवाळ्यात पुन्हा बळी जायला लागले. शेवटी 19 जून 1767 रोजी जां शास्तेल नावाच्या इथल्याच माणसाने दुसरं एक जनावर टिपलं, तेव्हा हे थांबलं. सोगमध्ये यावर एक छोटं संग्रहालय आहे. आदल्या संध्याकाळी बघायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी बघून गाढ झोपले होते.

आज फ्रान्समध्ये लांडगे परत आलेत, 1992 मध्ये आल्प्समध्ये दिसले तेव्हापासून. पण ते मेंढ्यांच्या वाटेला जातात, चालणाऱ्यांच्या नाही. तुम्ही सांभाळायचं ते गोचिडांना. उंच गवतातून चालल्यावर रात्री गुडघ्याच्या मागे, जांघेत, काखेत नीट बघा. तिथल्या गोचिडीपासून लाइमचा आजार होतो. कुठल्याही औषधाच्या दुकानात ती उपटायचा छोटा प्लॅस्टिकचा हुक मिळतो, तो पहिल्याच दिवशी घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होतो, उघड्या पठारावर तो अंगावर घेऊ नका. सप्टेंबरपासून शिकारीचा मोसम, तेव्हा पिशवीवर काहीतरी भडक नारिंगी बांधा. अडचण आलीच तर 112.

एकट्या बायका या वाटेवर इतक्या दिसतात की मला त्याचं अप्रूप उरलेलं नाही. सकाळी निघालेली माणसं दिवसभर एकमेकांना ओलांडत राहतात. तुम्ही बूट काढून बसलात की ते पुढे, ते सँडविच खायला बसले की तुम्ही पुढे. संध्याकाळी त्याच टेबलावर भेट. कोणी आलं नाही तर चौकशी होते, आणि झीतची बाई फोन करते.

चार वाजायच्या सुमारास रान एकदम संपतं, समोर गवताचा मोठा उतार आणि त्यात एकटी उभी असलेली, काळसर दगडाची, जाड भिंतींची शेतवाडी. हे ल सोव्हाज. आजूबाजूला दुसरं घर नाही. मध्ययुगात इथे यात्रेकरूंची सोय होत असे. आता परिसरातले शेतकरी मिळून झीत आणि खाणावळ चालवतात. दारातच बूट काढायचे, काठ्या कोपऱ्यातल्या डब्यात, आणि पाठीवरची पिशवी खाटेवर ठेवायची नाही म्हणजे नाही. ढेकणांचा धसका आहे सगळ्यांना. काही ठिकाणी पिशवी खालीच ठेवून लागेल तेवढंच वर न्यायला सांगतात. मग अंघोळ, दिवसभराचे कपडे धुऊन तारेवर, यात्रेकरूच्या पुस्तिकेवर त्या मुक्कामाचा शिक्का. सात वाजता जेवण, सगळे एका टेबलाला : सूप, मुख्य पदार्थ, चीज, गोड. गप्पा फ्रेंचमध्ये, हातवाऱ्यांमध्ये, शेजारच्या बेल्जियन माणसाच्या इंग्रजीत. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, पण नऊला निम्मे जण झोपलेले. कानात घालायचे बोळे विसरू नका. घोरण्याला देश नसतो.

पूर्ण शाकाहारी आहे. तिथे उपाशी मरेन का? — वाचक, पुणे

मरणार नाही. पण दोन दिवस अंडी बघून वैतागाल.

मुक्काम ठरवताना ‘दमी-पांसियों’ घ्या, म्हणजे रात्रीचं जेवण, खाट आणि सकाळचा नाश्ता. फोन कराल किंवा मेल पाठवाल तेव्हाच शाकाहारी म्हणून सांगा आणि ‘मांस नाही, मासे नाहीत, कोंबडी नाही’ असं तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगा. मासा चालत असेल असं गृहीत धरणारे पुष्कळ भेटतात. संध्याकाळी सहाला पोचून सांगितलंत तर बिचारी बाई आम्लेट करून वाढणार. दुसरं काय करेल? एका घरात माझ्यासाठी मसुरातून सॉसेजचे तुकडे वेचून काढलेलं ताट आलं होतं. हेतू चांगला होता. मी पाव आणि चीज खाल्लं.

ल पुईची हिरवी मसूर हे मात्र खरं सुख. ज्वालामुखीच्या मातीत पिकते, दाणा लहान, गडद हिरवा, शिजूनही अख्खा राहतो. 1996 पासून तिला मूळ-प्रदेशाच्या नावाचं संरक्षण आहे, म्हणजे दुसरीकडे पिकलेली मसूर त्या नावाने विकता येत नाही. वरण म्हणून ती घोटायला जाऊ नका, कोशिंबिरीसारखी खा. आणि ओब्राकच्या पठारावर पोचलात की आलिगो. उकडलेला बटाटा घोटून त्यात ताजं, न मुरलेलं टोम चीज, साय आणि लसूण घालून लाकडी पळीने इतकं फेटतात की पळी उचलली की दोरासारखं हातभर ताणलं जातं. वाढणारा माणूस उभा राहून, हात डोक्याच्या वर नेऊन वाढतो आणि कात्रीने कापतो. बरोबर सॉसेज येतं, ते नको म्हणून सांगा.

चीजसाठी दूध घट्ट करायला बहुतेक ठिकाणी वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हे तुम्हाला चालतं का ते आधीच ठरवा. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर झीतचं जेवण घेऊ नका. ज्या मुक्कामघरात स्वतः रांधायची सोय आहे तेवढीच निवडा, आणि त्यासाठी टप्पे आखडते घ्या. मेतकूट आणि भाजलेले पोहे माझ्या पिशवीत कायम असतात.

हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, एएमके (अलंग-मदन-कुलंग) झालंय. रोज पस्तीस किलोमीटर मारून महिन्याच्या आत सीमा गाठता येईल ना? — वाचक, ठाणे

येईल. गाठून काय करणार?

तुमच्या दमाबद्दल शंका नाही. अलंग-मदन-कुलंग केलेल्या माणसाला मी चढाचं काय सांगणार. पण गडाचा ट्रेक दोन दिवसांत संपतो आणि सोमवारी तुम्ही ऑफिसात खुर्चीवर असता. इथे तिसऱ्या दिवसानंतर चौथा असतो. दम संपत नाही, घोटा आणि नडगीचा स्नायू संपतो, तेही बहुतेक आठवड्याच्या आत. वाटेत लंगडणारी माणसं बघते, त्यात विशी-तिशीतली जास्त. आमच्या वयाची मंडळी वीसच्या पुढे जात नाहीत आणि शेवटपर्यंत टिकतात.

दुसरं असं की इथल्या मुक्कामाच्या जागा वीस-पंचवीस किलोमीटरच्या हिशेबाने बसल्या आहेत. पस्तीस चालणारा माणूस चांगल्या गावातून भर दुपारी जातो, तेव्हा सगळं बंद. आणि रात्री आठला अशा ठिकाणी पोचतो जिथे जेवण सातला वाढून झालेलं असतं. कोंकसारखं गाव घ्या. दरीत लपलेलं, लाकडी बांधणीच्या घरांचं, मठाच्या दारावर बाराव्या शतकातला अंतिम निवाड्याचा कोरीव पट, त्यात शंभराहून जास्त आकृत्या. तिथे तुम्ही अर्ध्या तासात पाणी भरून निघणार? मग हा रेकॉर्ड ठाणे-कसारा रस्त्यावरही होईल.

बूट नवे नेऊ नका. पिशवी तुमच्या वजनाच्या दहाव्या भागात बसवा. आणि एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी पिशव्या पोचवणाऱ्या गाड्या आहेत, थोड्या युरोंत काम होतं. त्यात कमीपणा मानू नका.

फ्रेंचचा ओ की ठो येत नाही, आणि मला दिशांचंही भान नाही. हरवले तर? — वाचक, बेळगाव

वाट तुमच्याशी रंगांत बोलते, फ्रेंच लागत नाही. वर पांढरा पट्टा, खाली लाल : वाट बरोबर. तेच दोन रंग फुलीच्या आकारात : इकडे वळू नका. पट्ट्यांखाली वळलेला बाण : पुढे वळण आहे. ही खूण झाडाच्या खोडावर, विजेच्या खांबावर, रस्त्याच्या पाटीच्या मागे, कधी बांधातल्या एखाद्या दगडावर असते. फ्रान्सभर अशा लांब पल्ल्याच्या वाटा आहेत. पहिल्या वाटेवर हे पट्टे 1947 मध्ये रंगवले गेले. काम आजही पदभ्रमण महासंघाचे स्वयंसेवक करतात, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन. कधी भेटले तर थांबून आभार माना.

माझा नियम साधा आहे. फाटा ओलांडल्यावर थोड्याच अंतरात खूण दिसली पाहिजे. दहा मिनिटं चालून दिसली नाही तर पुढे ‘असेल कुठेतरी’ करत जायचं नाही, शेवटच्या खुणेपर्यंत मागे यायचं. नुसता पिवळा पट्टा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी, त्याच्या मागे गेलात तर गोल फिरून त्याच चर्चपाशी याल. मार्जरीदच्या, म्हणजे ल सोव्हाजच्या आधीच्या त्या पाइनच्या रानात मोबाइलला रेंज नसलेले पट्टे आहेत, तेव्हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

बोलायचं म्हटलं तर एकच गोष्ट पाठ करा : कोणीही दिसलं की आधी ‘बोंजूर’. दुकानात, अंगणात, ट्रॅक्टरवरच्या माणसालाही. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला तर तिकडे उद्धट समजतात आणि मग शहरातले लोक म्हणतात, फ्रेंच माणूस तुसडा. आधी बोंजूर म्हणा आणि मग मराठीत विचारलंत तरी रस्ता मिळेल.

पाण्याची एक युक्ती : कुठलंही गाव असो, दफनभूमीत नळ असतो. थडग्यांवरच्या फुलांना घालायला. चालणारे सगळे तिथेच बाटल्या भरतात. ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर मात्र ते पिऊ नका. वाड्यांमधल्या डोण्यांवरही ही पाटी बघून घ्या.

ही त्यांची वारीच ना? मग हिंदूंनी, किंवा देवधर्म न मानणाऱ्यांनी जावं का? — वाचक, सातारा

जावं. कोणी विचारत नाही. विचारलं तरी उत्तर ऐकून मान डोलावतात.

वारी म्हणाल तर मी थोडी अडखळते. मी आळंदी ते पंढरपूर दिंडीतून चाललेली आहे. तिथे माणूस गर्दीत विरघळतो. विणेकरी पुढे, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया, अभंगाच्या तालावर पाऊल. आपण काय खायचं, कुठे टेकायचं याची काळजी दिंडीने घेतलेली. आणि आषाढी एकादशीला पोचायचं म्हणजे पोचायचं. फ्रान्समध्ये दिवसाचं बंधन नाही, मेळा नाही, आणि तुमची काळजी तुमची. पुष्कळ फ्रेंच लोक दर वर्षी आठवडाभर चालतात आणि पुढच्या वर्षी जिथे थांबले होते तिथून पुन्हा धरतात. दहा वर्षांनी स्पेनच्या सीमेला पोचतात. वारकऱ्याला हे पटणार नाही.

मूळ मात्र धार्मिकच. ल पुईचा बिशप गोदेस्काल्क 950-951 मध्ये सान्तियागोला जाऊन आला, फ्रान्समधून गेलेल्या पहिल्या ज्ञात यात्रेकरूंपैकी तो एक. आजही ल पुईच्या कॅथेड्रलमध्ये सकाळी सातला प्रार्थना होते आणि निघणाऱ्यांना आशीर्वाद देतात. मग जमिनीतली जाळी उघडते आणि गाभाऱ्यासमोरच्या जिन्याने, पायाखालून, तुम्ही थेट गावात उतरता. समोर उतरती गल्ली, पाठीवर पिशव्या घेतलेली माणसं. मी दर वेळी त्या प्रार्थनेला बसते. देवी, म्हणजे मेरीमाता, काळी आहे तिथली, सावळ्या विठ्ठलाची सवय असलेल्यांना परकी वाटत नाही.

आत्ताची खुणांची वाट मात्र 1970 च्या दशकातली आहे. मध्ययुगातले यात्रेकरू काही ठिकाणी इथून गेले, काही ठिकाणी ते सरळ गेले आणि तिथे आता मोटारींचा रस्ता आहे. वाटेतले सात तुकडे 1998 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, त्यात नासबिनाल ते सें-शेली-दोब्राक हा एक. वेळ कमी असेल तर तेवढा एकच चाला. सकाळी उघडं पठार, शिंगांच्या तांबूस गाई, डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या. दुपारी बीचच्या रानातून पाचशे मीटरची उतरंड.

खर्च किती? व्हिसाला त्रास होतो का? — तीन-चार वाचक

दमी-पांसियों माणशी साधारण 45 ते 60 युरो. दुपारचं खाणं धरून दिवसाला 70 हाताशी ठेवा. काही ठिकाणी पैसे ठरलेले नसतात, दानपेटीत टाकायचे. तिथे पाच युरो टाकून पळू नका, जेवण कोणीतरी विकत आणलेलं असतं. रोख पैसे जवळ असू द्या, पुढचं एटीएम दोन दिवसांवर असू शकतं.

व्हिसा शेंगेनचा, फी मोठ्यांना 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुक्कामांची बुकिंग दाखवावी लागतात. रोज वेगळं गाव असल्यामुळे कागद खूप होतात. दिवस, गाव, अंतर, मुक्कामाचा पत्ता असा एक साधा तक्ता वर जोडा, म्हणजे बघणाऱ्याला समजतं.

ऑगस्टमध्ये मुलाला सुट्टी आहे. चालेल का? — वाचक, कोल्हापूर

चालेल, पण ल पुई ते कोंकमधल्या खाटा दोन-तीन महिने आधी धरून ठेवा, 15 ऑगस्टच्या आठवड्यातल्या तर त्याहून आधी. त्यांचाही तो सणाचा दिवस. जून किंवा सप्टेंबर जमला तर जास्त बरं. एप्रिलच्या सुरुवातीला ओब्राकवर बर्फ असू शकतो, आणि ऑक्टोबर संपता संपता पुष्कळ झीत बंद होतात. मुलाचं वय किती ते कळवलं नाहीत. बारा-तेराच्या खालचा असेल तर दिवसाला पंधरा किलोमीटर धरा आणि त्याची पिशवी गाडीने पाठवा.